दार फाळण्याचा सण

"आता सांगितलंस तर सांगितलंस," बाबा म्हणाले. "एकदा कडी लागली की उद्या चांदण्या दिसेपर्यंत या घरात परदेशाचं नाव निघायचं नाही."

आई चुलीपुढे उकिडवी बसून निखारे विझवत होती. मान वर न करताच म्हणाली, "मग परवा सांगते."

"परवा सकाळच्या बोटीनं रुबेन मुंबईला जायचा. त्यानं तिकडं नेणाऱ्यांच्या ऑफिसात काय सांगायचं? माणसं किती येणार?"

"बोट सुटायच्या आत सांगेन."

"सगळ्यांनी हो म्हटलं गो आई," रुबेनदादा ओटीवरून ओरडला. "तू एकटीनं अख्खा इस्राएल देश खोळंबून ठेवलायस."

"खोळंबू दे. दोन हजार वर्षं वाट बघितली, दोन दिवसांत काय आंबणार आहे?"

बाबांना हसू आलं. पण सणाच्या तोंडावर हसणं बरं नाही म्हणून ते दाढी खाजवत खिडक्या लावायला वळले.

मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होते. खारशेत हे आमचं गाव, रेवदंड्याच्या खाडीकाठचं. गावातले आगरी आणि कोळी आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण आमच्या आज्या-पणज्यांचा घाणा शनिवारी बंद असे. आम्ही स्वतःला बेने इस्राएल म्हणायचो. घाणा केव्हाच मोडला होता. बाबा सुतारकाम करत, कोळ्यांच्या होड्यांची डागडुजी करत. आमच्या घराचं दारही त्यांनीच केलेलं, फणसाच्या लाकडाचं. फटीतून मुंगी शिरणार नाही असं म्हणायचे.

तो दार फाळण्याचा सण होता. फाळणं म्हणजे आमच्या बोलीत लावून घेणं. वर्षातून एक दिवस आम्ही उपास धरायचो, पांढरी वस्त्रं नेसायचो आणि संध्याकाळी लावलेलं दार दुसऱ्या संध्याकाळपर्यंत उघडायचो नाही. त्या दिवशी बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही, बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही. आत देव आणि आपण, एवढंच. जुनी माणसं म्हणत, त्या दिवशी घरातली मेलेली माणसंही घरी येतात, आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत आपल्या वाटेनं जातात.

एरवी बाबा या सणाला रेवदंड्याच्या मशिदीत जायचे. आमच्या प्रार्थनाघराला आम्ही मशीदच म्हणायचो. पण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि त्या वर्षी दहा जमेनात. एकेक घर विमानात बसून गेलं होतं. आमच्या शेजारच्या सिपोरामावशीनं जाताना दाराच्या चौकटीवरची मेझुझा, देवाच्या वचनाची डबी, काढून पदरात बांधली आणि चौकटीला जिथं खिळ्यांची भोकं पडली तिथं ओठ टेकले. ते बघून बाबांचा निश्चय झाला.

"मी मेलो तर माझ्यामागं कद्दीशची प्रार्थना म्हणायला दहा माणसं कुठून आणशील?" ते रुबेनदादाला विचारायचे. "आगऱ्यांच्या डोक्यावर टोप्या घालशील?"

रुबेनदादाला तिकडं कारखान्यात काम हवं होतं. माझ्यासाठी तिकडं मुलगा मिळणार होता. खारशेतात आमच्यातला माझ्या जोगता एकही मुलगा उरला नव्हता. सगळ्यांचं भलं तिकडं होतं. आईचं तेवढं इथं काहीतरी होतं, पण त्याचं नाव आमच्या घरात घ्यायचं नव्हतं.

मिल्का. माझी मोठी बहीण.

खाडीपलीकडच्या मिठागरावर काशिनाथ म्हणून एक आगरी होता. मिल्का त्याच्याबरोबर गेली, त्याच्याशी लग्न केलं. ती गेली त्या दिवशी बाबांनी सदऱ्याची गळपट्टी फाडली, आरसा भिंतीकडे फिरवला आणि मेलेल्या माणसासाठी बसतात तसे सात दिवस जमिनीवर बसले. सातव्या दिवशी उठले तेव्हा घरात मिल्का मेलेली होती. तिचं लुगडं, तिची फणी, तिचा पाट, सगळं वाटून टाकलं. आईनं एका शब्दानं अडवलं नाही.

मात्र त्यानंतर आमच्या घरात मीठ फार झालं. मडक्यात मीठ, बरणीत मीठ, माळ्यावरच्या रांजणात मीठ. आई मीठ आणायला तरीच्या होडीनं खाडीपलीकडे जायची आणि मिठागराच्या बांधावर उभी राहून कितीतरी वेळ मिठाचा भाव करायची. एकदा मी बरोबर होते. लांब, पाणी चमकत होतं तिथं, एक बाई फळीनं मीठ ओढत होती. तिचं पोट पुढं आलेलं होतं. आईनं भाव केला नाही. मागितले तेवढे पैसे दिले आणि परत फिरली. पुढं कधीतरी ती पुन्हा एकटी जाऊन आली. त्या दिवशी तिनं मीठ आणलंच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "कडेवर काही दिसलं नाही गो." तेवढंच. कशाबद्दल ते मला कळलं, आणि मी पुढं विचारलं नाही.

तर त्या संध्याकाळी आम्ही न्हालो, पांढरं नेसलो, दिवा लावला. बाबांनी कडी लावली.

दुसरा दिवस लांबलचक होता. तहानेनं जीभ टाळ्याला चिकटली होती. बाबा सिसिदची शाल पांघरून, पुढं-मागं डोलत, हिब्रू प्रार्थना म्हणत होते. रुबेनदादाची पोथी मांडीवर होती आणि डोळे मिटलेले. आई दाराला टेकून बसली होती. तिला प्रार्थना वाचता येत नव्हती. ती नुसती ऐकायची आणि 'आमेन' आलं की मान लववायची.

उन्हं उतरायला लागली तेव्हा ओटीवर पाऊल वाजलं. जड पाऊल. कुणीतरी दाराबाहेर, आईच्या पाठीला पाठ लावून बसावं तसं, टेकून बसलं.

"आई," बाहेरून आवाज आला. "आहेस ना तिथं? तू दाराशीच बसतेस."

मी मिल्काचा आवाज ओळखला. रुबेनदादाचे डोळे उघडले. बाबांचं डोलणं थांबलं, आणि मग ते मोठ्यानं, जवळजवळ ओरडून, पुढची प्रार्थना म्हणू लागले.

"बाबा, ओरडू नका, घसा सुकेल," मिल्का बाहेरून म्हणाली. "दिवस अजून बाकी आहे. मी काही मागायला आले नाही. दार उघडायचं नाही हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून तर आजच आले. एरवी आले असते तर तुम्ही माझ्या तोंडावर दार लावलं असतं. आज ते मी यायच्या आधीपासून लागलेलं आहे. माझ्यासाठी लावलेलं नाही. आज इथं बसायला काही वाटत नाही बघा."

आईनं दोन्ही हात तोंडावर धरले होते.

"तरवाल्यानं सांगितलं, तुम्ही चाललात. बरं झालं. जा. दीने, आहेस का गो? तुला तिकडं गोरा नवरा मिळेल. त्याला भाकरी बडवायला शिकव हो, नाहीतर मैद्याचे पाव खाऊन मरशील."

मला हसू फुटलं आणि त्याबरोबर रडू. मी पदराचा बोळा तोंडात घातला.

मग तिचा आवाज खाली आला.

"आई, एक सांगायचं होतं. पहिली मुलगी होती. मिठागरावरच कळा आल्या. सासू भली आहे माझी, पण तिला तरी किती येतं? जगली नाही. नाव ठेवायच्या आधीच गेली. तू बांधावर उभी असायचीस ते मला दिसायचं. वाटायचं, तू माझ्या कडेवर पोर शोधतेयस. मग मीच पाठ फिरवून बसायला लागले."

बाबांची प्रार्थना चालू होती, पण शब्द चुकत होते. रुबेनदादानं एकदा दुरुस्त केलं. बाबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आता पुन्हा दिवस राहिलेत. सातवा सरत आला. एवढंच विचारायला आले होते, की बाळंतकाढ्यात तू काय काय घालायचीस? आमच्या वाड्यात जी ती बाई निराळं सांगते." ती जरा हसली. "पण कुणाला विचारतेय मी! आज तुम्ही बोलणार नाही. असू दे. विचारून तरी झालं."

आईनं बाबांकडे बघितलं. बाबांनी डोळे गच्च मिटले होते. बाहेरच्या माणसाशी बोलायचं नाही, हे त्यांनी आमच्या लहानपणापासून शिकवलं होतं, आणि आईनं ते कधी मोडलं नव्हतं.

आई बोलली नाही. तिनं पाठ दाराला लावली, तोंड घराच्या आत, भिंतीकडे केलं, आणि गळ्यातल्या गळ्यात ओवी धरली. आमच्या बायका मलिद्याच्या नवसाच्या वेळी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची गाणी म्हणतात, त्या चालीवर.

*एलियाहू बाबा, तुझा घोडा वाऱ्यावर*
*मूठ बाळंतशेपा घाल, पाणी ठेव चुलीवर*

रुबेनदादा एकदम ताठ बसला. "आई! आज देवाचं नाव घ्यायचं."

"पहिल्या ओळीत घेतलं की," आई त्याला म्हणाली, आणि पुढं गाऊ लागली.

*सुंठ घाल बोटभर, मेथी घाल चिमूटभर*
*लेकुरवाळी माझी, नको उभी राहू वाऱ्यावर*

*अळीव भिजव, नारळाच्या गं रसात*
*माय इथून भरविते, घास तुझ्या गं मुखात*

आणि मग मी जे ऐकलं ते आजही माझ्या कानात आहे. बाबांचा आवाज खाली आला. ते थांबले नाहीत. देवाचं वाचणं त्यांनी तोडलं नाही. पण त्यांनी आवाज इतका लहान केला, की आईची ओवी दाराच्या बाहेर जावी.

आईनं सगळं गायलं. डिंक कसा तळायचा ते. बाळाची टाळू कशी भरायची ते. कळा लागल्या की मिठागरावर थांबायचं नाही, ते तिनं दोनदा गायलं. ओवी बसेना तिथं तिनं नुसतेच शब्द घातले, सुरात. मध्येच ती अडली तेव्हा बाहेरून मिल्कानं सूर धरला. लहानपणी दोघी जात्यावर बसायच्या, तेव्हा एकीनं पहिली ओळ म्हणायची आणि दुसरीनं पुरी करायची.

*जात्याच्या दोन पाळी, एक थिर, एक फिरे,* मिल्का म्हणाली.

आईनं पुरी केली. *मधी दळतो गं जीव, पीठ कोणाच्या पदरी पडे.*

उन्हं गेली. तरवाल्यानं खाडीवरून हाळी घातली. बाहेर कुणीतरी हात टेकून, कण्हत उठलं. पावलं उतरली.

चांदण्या दिसल्यावर बाबांनी कडी काढली. ओटीवर कुणी नव्हतं. आम्ही सरबत प्यालो, जेवलो. आई पोटभर जेवली, याचं मला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी शिळा सण. आईनं पहाटेच उठून पोळ्या केल्या, दारात आलेल्या भिकाऱ्यांना वाढलं, आम्हाला वाढलं. रुबेनदादा बोटीसाठी पिशवी भरून तयार झाला. तेव्हा आई माजघरातून बाहेर आली. तिच्या हातात गाठोडं होतं.

"काय सांगायचं ऑफिसात?" रुबेनदादानं विचारलं, पण त्याची नजर गाठोड्यावर होती.

"तीन सांग," आई म्हणाली. "तीन माणसं येणार म्हणावं."

बाबा ओटीच्या कठड्याला रंधा मारत बसले होते. शिळ्या सणाला काम चालतं, पण त्या कठड्याला रंध्याची गरज नव्हती. त्यांनी हात थांबवला नाही.

"बाळंतपणाला जातेस," ते म्हणाले.

"हो."

"जा. आटप. आम्ही पुढं होतो. तू मागून ये."

"त्या घरात राहून आलेली बाई आपल्या लोकांत परत बसते का? तुम्हीच सांगा." आईनं गाठोडं खाली ठेवलं. "आणि बाळ झालं म्हणजे काय संपतं? त्याला टाळू भरायची, त्याला न्हाऊ घालायचं. एका लेकीला एकदा टाकलं मी. पुन्हा टाकणं माझ्यानं व्हायचं नाही."

"मग आपण सगळेच थांबू," बाबा म्हणाले. पहिल्यांदाच ते असं म्हणाले.

"थांबलात तर ती या दारात येऊ शकेल?"

रंधा थांबला. तिचे सात दिवस त्यांनी सगळ्या जमातीसमोर धरले होते. ते परत कसे घ्यायचे, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"मी तेव्हा बसलो नसतो, तर दीनाला कुणी घेतलं असतं?" बाबा हळूच म्हणाले. "धाकटीचं दार बंद झालं असतं."

"मला ठाऊक आहे. म्हणून मी तुम्हाला एका शब्दानं कधी बोलले का? नाही ना? आता तेच माझ्यासाठी करा."

"काय?"

"माझेही दिवस बसा."

रुबेनदादाच्या हातातून पिशवी गळाली. "आई, तुला वेड लागलं का? तू जिवंत आहेस!"

"मिल्काही होती," आई म्हणाली. मग बाबांकडे वळून, समजुतीनं, जसं बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगू लागली. "तिकडं दीनाला मागणी येईल. सोयरे विचारतील, मुलीची आई कुठं आहे? तुम्ही काय सांगाल? आगऱ्याच्या घरात राहते म्हणाल? मागणी परत जाईल. खोटं तुम्हाला बोलता येत नाही, तुमच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. बसलात म्हणजे खोटं नाही. मेली म्हणा. आम्ही सुतक धरलं म्हणा. खरंच असेल ते."

"आई, मी नाही जात," मी म्हणाले. "मी तुझ्याबरोबर येते."

"तू गप," ती म्हणाली. "दोन्ही लेकी एका खाडीत सोडू का मी?"

बाबा बराच वेळ कठड्यावरचा भुसा हातानं सारत राहिले. मग त्यांनी जे विचारलं, ते दुसऱ्या कुणालाही सुचलं नसतं. धर्माच्या माणसाला दुःखातही नियम आठवतो.

"सात दिवस व्हायचे नाहीत," ते म्हणाले. "मधे मांडवाचा सण येतो. सणानं सुतक तुटतं. चारच मिळतील."

आई हसली. "पुरे झाले. जित्या बाईला चार दिवस पुष्कळ."

"सदरा..." बाबांनी गळपट्टीकडे हात नेला. बोटांनी ओढ घेतली, पण कापड फाटेना. इतक्या वर्षांच्या सुतारकामानं त्यांच्या बोटांत केवढी ताकद होती, मी त्यांना साग वाकवताना बघितलं होतं.

आई पुढं झाली. तो सदरा तिनंच शिवला होता. कुठली शिवण कच्ची ते तिला माहीत होतं. तिनं दातांनी एक टाका तोडला आणि गळपट्टी टर्रकन फाडली, छातीपर्यंत.

"बसा," ती म्हणाली.

बाबा खाली बसले.

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि आमच्या रीतीप्रमाणे ती बोटं स्वतःच्या ओठांना लावली. रुबेनदादाचीही तशीच पापी घेतली. त्यानं मान फिरवली होती, तरी घेतली. बाबांच्या डोक्यावर तिनं क्षणभर हात ठेवला. कधी चारचौघांत ठेवला नव्हता.

"काल आलेली आज परत जातात," ती म्हणाली. "शिळा सण आहे. जाते मी तिच्यामागनं."

मी कठड्याशी उभी राहून बघत होते. वाटेनं ती भराभर चालली होती. आईला इतकं भराभर चालताना मी कधी बघितलं नव्हतं.

रुबेनदादाची बोट त्याच्याशिवाय गेली. तो मुलगा होता, त्यालाही बसायचं होतं. मी आरसा फिरवला.

दुसऱ्या दिवशी हिराजीतात्या आला. आगरी, बाबांचा जुना दोस्त. बाबांचा फाटका सदरा बघून तो दारातच थबकला. मग समोर येऊन उकिडवा बसला.

"कोण गेलं, हसाजी?"

"घरची."

तात्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. पुन्हा घातली. पुन्हा काढली.

"पण मी तं काल त्यांना तरीत बगितलं. माझ्याशी बोलल्यान त्या. म्हणाल्या, तात्या, पाय धरून बस, होडी हलते."

"हो," बाबा म्हणाले.

तात्या उठला. जाताना म्हणाला, "तुमच्यातली रीत तुम्हाला ठाऊक. पण बाई लई चांगली होती." आणि ओटी उतरल्यावर त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले, असल्या मरणाला रडावं की नाही हे न कळून.

चार दिवस झाले. सणाच्या संध्याकाळी बाबा उठले. महिन्याभरानं आम्ही तिघं विमानात बसलो.

इस्राएलमधल्या बेर्शेबात आम्हाला तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. बाबांना सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला दहा नव्हे, चाळीस माणसं मिळू लागली. रुबेनदादाला कारखाना मिळाला. माझी सोयरीक ठरली तेव्हा मुलाच्या आत्यानं विचारलं, "आणि आई?"

"मेली," बाबा म्हणाले. "सुतक धरलं आम्ही." त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या नाहीत.

मी तिला कधी लिहिलं नाही. मेलेल्या माणसाला कसं लिहायचं, आणि लिहिलं तर पत्त्यावर कुणाचं नाव घालायचं? इकडून तिकडून येणाऱ्यांकडून कळायचं ते कळायचं. मिल्काला मुलगी झाली, जगली. मग दोन मुलगे झाले. पोरांना एक म्हातारी सांभाळते. तिला शनिवारी चूल पेटवायची नसते, म्हणून आगऱ्याच्या घरातही शनिवारी शिळंच खातात.

खूप वर्षांनी सिपोरामावशीचा भाचा गावाकडं जाऊन आला. तो आमच्याकडे चहाला बसला. कप खाली ठेवून म्हणाला, "काका, खारशेतात... पलीकडच्या काठाला... काकी वारल्या. पावसाळ्याच्या आधी."

मी तोवर चाळिशीला आले होते. माझी दोन मुलं लष्करात होती. मला रडू आलं नाही, कारण रडायचं की नाही हेच समजेना. माझ्या आईचं सुतक मी केव्हाच धरलं होतं. एका माणसासाठी दोनदा बसत नाहीत.

भाचा गेला. मी कप विसळले. परत आले तर बाबा खुर्चीवर नव्हते. ते खिडकीखाली फरशीवर बसले होते. पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवलेल्या. गुडघे दुखतात म्हणून ते खाली बसत नसत. एकदा बसले की दोघांनी धरून उठवावं लागे.

"बाबा, हे काय? उठा."

"तीन राहिलेत," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"चार बसलो होतो. तीन राहिलेत."

"पण बाबा, सणानं सुतक तुटतं. तुम्हीच म्हणाला होता. उरलेलं धरायचं नसतं."

"देवाच्या बाजूनं तुटलं," बाबा म्हणाले. त्यांची बोटं सदऱ्याच्या गळपट्टीवर होती, आणि या खेपेला कापड पहिल्याच ओढीला फाटलं. "माझ्या बाजूचे तीन राहिलेत."

मी उठून आरसा भिंतीकडे फिरवला. रुबेनदादाला फोन केला. मग चपला काढल्या आणि बाबांच्या शेजारी फरशीवर बसले.